शेप्टन मॅलेटचा ‘स्नोड्रॉप किंग’ आणि त्याची हरवलेली रोपे

फेब्रुवारी २०२२. इंग्लंडमध्ये ईबे या संकेतस्थळावर एका कंदाचा लिलाव झाला. कंद म्हणजे सुपारीएवढा एक कांदा, त्यातून वर आलेली दोन पाने आणि एक फूल. बोली थांबली तेव्हा आकडा होता १८५० पौंड, म्हणजे आपल्या हिशेबात पावणेदोन लाख रुपयांच्याही वर. फुलाचे नाव ‘गोल्डन टिअर्स’. ते स्नोड्रॉप या अगदी साध्या, वीतभर उंचीच्या, थंडीत फुलणाऱ्या पांढऱ्या फुलाचा एक वाण होते.

अशा बातमीवर हसून पुढे जाणे सोपे आहे. सतराव्या शतकातील डच ट्युलिपची आठवण काढून ‘वेडे लोक’ म्हणणेही सोपे आहे. परंतु या किमतीच्या मागे सुमारे दीडशे वर्षांचा एक इतिहास आहे. त्याचे नायक राजे नव्हते आणि विद्यापीठातले शास्त्रज्ञही नव्हते. घरामागच्या बागेत गुडघे टेकून, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर लावणारी ही हौशी माणसे होती. त्यांतल्या पहिल्या महत्त्वाच्या माणसाने आयुष्याची कितीतरी वर्षे घालून शंभराहून अधिक रोपे वाढवली आणि त्यांतली बहुतेक सगळी डोळ्यांदेखत मेलेली पाहिली. हा थ्रेड प्रामुख्याने त्याच्याविषयी आहे.

आधी फुलाची ओळख. महाराष्ट्रात स्नोड्रॉप उगवत नाही; त्याला कडक हिवाळा लागतो. तरीही त्याचे कूळ आपल्याला अपरिचित नाही. आपल्या अंगणातला सुदर्शन ज्या कुळातला, त्याच कुळातला हा स्नोड्रॉप. लिनियसने १७५३ साली त्याला ‘गॅलँथस निवॅलिस’ हे शास्त्रीय नाव दिले. ‘गॅलँथस’ म्हणजे ग्रीक भाषेत दूधफूल आणि ‘निवॅलिस’ म्हणजे बर्फाचे. फुलाला सहा पाकळ्या असतात. बाहेरच्या तीन मोठ्या व निखळ पांढऱ्या, आतल्या तीन आखूड, आणि त्यांच्या टोकाशी हिरवी खूण. ही हिरवी खूण लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी हौस, सगळे वाद आणि सगळा पैसा बहुतांशी तिच्याभोवतीच फिरतो. ती एक आहे की दोन, उलट्या ‘व्ही’सारखी आहे की ‘एक्स’सारखी, हिरवी आहे की पिवळी, यावर माणसे तासन्‌तास बोलतात.

इंग्रज माणसाला स्नोड्रॉप हे आपल्याच मातीतले फूल वाटते. मोडकळीला आलेल्या मठांच्या आवारात, जुन्या चर्चच्या अंगणात ते गालिच्यासारखे पसरलेले असते. परंतु इंग्लंडमध्ये रानात वाढलेल्या स्नोड्रॉपची पहिली नोंद थेट १७७८ सालची आहे. त्याआधी ते बागांमधून होते. १५९७ साली प्रसिद्ध झालेल्या जॉन जेरार्ड यांच्या वनस्पतिग्रंथात त्याचे वर्णन सापडते. म्हणजे हे फूल बहुधा युरोपच्या मुख्य भूमीवरून माणसांच्या हातून आले, बागेत रुजले आणि मग कुंपण ओलांडून रानात गेले. ज्याला आपण ‘देशी’ म्हणतो त्याची वंशावळ तपासायला बसले की असे धक्के नेहमी बसतात. आपल्या स्वयंपाकघरातली मिरची आणि बटाटा यांचेही तसेच नाही का?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रज माळ्याला स्नोड्रॉप म्हणजे मुख्यतः एकच, हा निवॅलिस. एकेरी किंवा दुहेरी. त्यानंतरच्या काही दशकांत चित्र बदलले, आणि ते बदलले युद्धामुळे व व्यापारामुळे.

पहिली घटना क्रिमियाची. १८५३ ते १८५६ या काळात ब्रिटन, फ्रान्स व ऑटोमन साम्राज्य एका बाजूला आणि रशिया दुसऱ्या बाजूला, असे युद्ध चालले. सेव्हास्तोपोलच्या वेढ्यातला हिवाळा सैनिकांच्या दृष्टीने भयंकर होता. थंडी, पटकी आणि उपासमार यांनी तोफांपेक्षा जास्त माणसे मारली. वसंत ऋतू आला तेव्हा त्याच उद्ध्वस्त टेकड्यांवर स्नोड्रॉप फुलले. हा क्रिमियन स्नोड्रॉप, ‘गॅलँथस प्लिकॅटस’, वेगळा होता. त्याची पाने रुंद आणि कडा मागे दुमडलेल्या. इंग्लंडला तो अगदीच अज्ञात नव्हता. पण परतणाऱ्या काही सैनिकांनी आणि अधिकाऱ्यांनी त्याचे कंद सामानात घालून घरी नेले. असे मानले जाते की आयर्लंडमधल्या किल्डेअर परगण्यात स्ट्रॅफन हाउसच्या बागेत या क्रिमियन पाहुण्याचा आणि तिथल्या निवॅलिसचा आपोआप संकर झाला. त्यातून जो वाण मिळाला तो ‘स्ट्रॅफन’ याच नावाने आजही टिकून आहे. एका कंदातून एकामागून एक अशी दोन फुले तो देतो, त्यामुळे त्याचा बहर लांबतो.

दुसरी घटना १८७४ सालची. हेन्री जॉन एल्वेस नावाचा ग्लॉस्टरशायरचा धिप्पाड जमीनदार तुर्कस्तानात स्मर्ना, म्हणजे आजचे इझमीर, या शहराजवळच्या डोंगरात फिरत होता. हा माणूस जन्मजात भटक्या. चार वर्षांपूर्वीच तो सिक्कीमच्या हिमालयात जाऊन आला होता. स्मर्नाच्या डोंगरात त्याला मोठ्या फुलांचा, राखाडी-निळसर रुंद पानांचा एक स्नोड्रॉप दिसला. पुढच्या वर्षी क्यूच्या वनस्पती उद्यानाचे संचालक जोसेफ हूकर यांनी त्याला ‘गॅलँथस एल्वेसिआय’ असे नाव दिले. भारताच्या वनस्पतींचा अभ्यास केलेल्या वाचकांना हूकर यांची वेगळी ओळख करून द्यायला नको. ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ या महाग्रंथाचे कर्ते ते हेच, आणि त्या ग्रंथाचा पहिला खंडही याच सुमारास पूर्ण होत होता. सिक्कीमच्या खिंडी आणि स्मर्नाचे डोंगर क्यूच्या एकाच टेबलावर येऊन पडत होते.

त्यानंतर स्मर्नाहून इंग्लंडकडे एल्वेसिआयच्या कंदांची पोतीच्या पोती निघाली. हे कंद रानातून खणलेले असत. यातले पुष्कळसे इंग्लंडच्या ओल्या हवेत दोन-तीन वर्षांत मरत. परंतु जे जगले त्यांच्यात कमालीची विविधता होती. कोणी डिसेंबरात फुले, कोणी मार्चमध्ये. कोणाला एक खूण, कोणाला दोन.

इथे थोडे थांबायला हवे, कारण संपूर्ण कहाणीची कळ इथे आहे. निसर्गात निवॅलिस मध्य व दक्षिण युरोपच्या जंगलांत, प्लिकॅटस काळ्या समुद्राच्या किनाऱ्यांवर आणि एल्वेसिआय मुख्यतः अनातोलियाच्या डोंगरांत. एकमेकांचे पराग त्यांना सहसा मिळणारच नव्हते. ते एकाच वाफ्यात, हातभर अंतरावर, एकाच मधमाशीच्या टप्प्यात आले ते व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमध्ये. एका युद्धाने, एका व्यापारी बंदराने आणि काही भटक्या जमीनदारांनी ही भेट घडवून आणली. मधमाशीने आपले काम केले. पण मधमाशीच्या मर्जीवर विसंबून न राहता हे काम स्वतःच्या हाती घ्यावे, असे ज्याला वाटले तो माणूस म्हणजे जेम्स ॲलन.

जेम्स ॲलन सॉमरसेटमधल्या शेप्टन मॅलेट या छोट्या गावात राहत असे. तो हौशी बागकाम करणारा होता आणि जे शिकला ते बागेतच शिकला. पांढऱ्या रान-ॲनिमोनीपासून सिलापर्यंत अनेक लहान कंदफुलांवर त्याचा जीव होता, आणि त्यांच्यातल्या काहींच्या नावांत ‘ॲलनिआय’ हा शब्द आजही आहे. परंतु त्याचे खरे प्रेम स्नोड्रॉपवर. त्या काळी मिळू शकणारा प्रत्येक प्रकार त्याने जमवला. १८८३ साली ऑस्ट्रियातल्या एका रोपवाटिकेतून आलेल्या कंदांत त्याला एक निराळाच कंद दिसला. पाने अतिशय रुंद, फूल गोलसर, वास बदामासारखा. क्यूचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन गिल्बर्ट बेकर यांनी १८९१ मध्ये त्याला ॲलनचेच नाव दिले. हजारो सारख्या दिसणाऱ्या कंदांतून एक वेगळा ओळखणे, ही नजरच त्याचे मूळ भांडवल होती.

ॲलनने बी धरायला आणि पेरायला सुरुवात केली. वाचायला हे साधे वाटते. प्रत्यक्षात त्या काळच्या बहुतेक माळ्यांना स्नोड्रॉपच्या बियांची गरजच वाटत नसे. कंदाला बाजूने पिल्ले फुटतात, काही वर्षांत गड्डा तयार होतो, तो फोडून लावला की काम झाले. लसणाची पाकळी लावावी तसे. पण पिल्लू हे आईची हुबेहूब प्रत असते. नवे काही हवे असेल तर बीच हवे, आणि बियांचा मार्ग फार लांबचा.

तो मार्ग असा. फेब्रुवारीच्या कोवळ्या उन्हात आई म्हणून निवडलेले फूल पूर्ण उमलण्याआधीच हळूच उघडायचे आणि आतले सहा पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे, म्हणजे ते स्वतःच्याच परागांनी फळणार नाही. बाप म्हणून निवडलेल्या फुलाचे पुंकेसर टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून पराग सोडतात. ते फूल नखावर टिचकी मारून झाडले की पिवळसर पूड पडते. ती पूड आईच्या कुक्षीच्या सुईसारख्या टोकाला लावायची. देठाला दोरा बांधून खूण करायची आणि वहीत नोंद. मग वाट पाहायची. फूल गळते, हिरवे बोंड फुगते आणि त्याच्या वजनाने देठ जमिनीवर आडवा होतो. मे-जूनमध्ये बोंड पिवळे पडून फुटते. त्यातल्या प्रत्येक बियाला एक पांढरी, स्निग्ध शेपटी असते. ती मुंग्यांसाठीची मेजवानी आहे. मुंग्या बी उचलून बिळाकडे नेतात, शेपटी खातात आणि बी टाकून देतात. रानात स्नोड्रॉप असा पसरतो. बागेत मात्र माळी एक दिवस उशिरा पोहोचला की वर्षाची मेहनत मुंग्यांच्या तोंडी गेलेली असते.

बी हाती लागलेच तर ते ताजेच पेरावे लागते; वाळवून डबीत ठेवले तर त्याचा जोम जातो. उन्हाळ्यात पेरलेले बी पावसाळी शरद आणि थंडी अंगावर घेऊन साधारण पुढच्या वसंताच्या तोंडाशी उगवते. पहिल्या वर्षी दिसते ते गवताच्या काडीसारखे एकच पान. दुसऱ्या वर्षी जरा रुंद पान. फूल यायला तीन, चार, कधी पाच वर्षे लागतात. आणि इतके करून पहिले फूल उमलते तेव्हा बहुतेक वेळा ते आईबापांसारखेच, सर्वसाधारण निघते. असे शेकडो कंद वाढवून त्यांतून मोजके राखायचे आणि बाकीचे निष्ठुरपणे बाजूला काढायचे, हाच या कामाचा खरा कठीण भाग. ज्यांना स्वतः वाढवलेले रोप टाकवत नाही त्यांची बाग दहा वर्षांत सारख्याच दिसणाऱ्या फुलांनी भरून जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हे सारे ॲलन करत होता तेव्हा आनुवंशिकतेचे नियम कोणाला ठाऊक नव्हते. मेंडेलचा निबंध १८६६ साली छापला गेला होता, पण तो ग्रंथालयांत धूळ खात पडला होता. १९०० साली त्याचा पुन्हा शोध लागला. ‘जेनेटिक्स’ हा शब्द विल्यम बेटसन यांनी जाहीरपणे मांडला तो १९०६ साली, लंडनमध्ये भरलेल्या संकरविषयक परिषदेत. त्याच १९०६ साली ॲलन वारला. म्हणजे हा माणूस आयुष्यभर अंधारात, केवळ नजर आणि वही यांच्या बळावर काम करत राहिला.

१८९१ साली रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने स्नोड्रॉप या विषयासाठी खास सभा भरवली. तिथे ॲलनने आपला निबंध सादर केला आणि तो सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. पुढच्या काळातील अभ्यासकांना हा निबंध म्हणजे खाणच ठरला, कारण त्यात त्याने आपल्याजवळच्या वाणांची वर्णने दिली आहेत. ‘ॲटकिन्सिआय’ या आजही लोकप्रिय असलेल्या उंच, देखण्या वाणाचे नावही ॲलननेच दिलेले. पेन्सविकचे जेम्स ॲटकिन्स यांच्या स्मरणार्थ. स्वतःच्या रोपांना नावे देताना त्याचे मन कथा-दंतकथांकडे धावे. ‘मर्लिन’, ‘रॉबिन हूड’, ‘गॅलेटिया’ अशी ती नावे आहेत. शेप्टन मॅलेटमधल्या त्या बागेत शंभराहून अधिक प्रकार होते. लोक त्याला ‘स्नोड्रॉप किंग’ म्हणू लागले.

आणि मग बाग आजारी पडली.

एकोणिसावे शतक संपता संपता ॲलनच्या वाफ्यांत बोट्रायटिस जातीची बुरशी शिरली. पाने जमिनीतून वर येतानाच त्यांच्यावर राखाडी मखमलीसारखा थर दिसतो, देठ कुजतात आणि रोग कंदापर्यंत उतरतो. दाट गड्ड्यांतून तो एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. तिच्या जोडीला नार्सिसस माशी. ही माशी उन्हाळ्यात पानांच्या बुडाशी अंडे घालते आणि तिची अळी कंद आतून पोखरून काढते. वरून काही कळत नाही. पुढच्या हिवाळ्यात त्या जागी काहीच उगवत नाही, तेव्हा कळते. आजच्यासारखी बुरशीनाशके तेव्हा नव्हती. वर्षानुवर्षे जमवलेला आणि वाढवलेला संग्रह थोड्याच काळात जवळजवळ संपला.

हे नुकसान किती मोठे, हे समजण्यासाठी संकराचे गणित पुन्हा आठवावे. एखादे पुस्तक जळाले तर त्याची दुसरी प्रत कुठेतरी असू शकते. बियातून आलेले रोप मात्र जगात एकमेव असते. त्याच आईबापांचा पुन्हा संकर केला तरी तेच फूल पुन्हा येत नाही, जशी सख्खी भावंडे एकसारखी नसतात. ते एकमेव रोप पिल्ले देऊ लागेपर्यंत कित्येक वर्षे जातात. आज एका कंदाचे सुरीने बारीक तुकडे करून, प्रत्येक तुकड्याला बुडाची चकती थोडीथोडी ठेवून, एका कंदातून अनेक रोपे करता येतात. ही पद्धत स्नोड्रॉपसाठी रूढ झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ॲलनच्या हाती ती नव्हती. त्यामुळे जे वाण फक्त त्याच्या बागेत होते ते त्याच्या बागेसोबत गेले. त्यांतल्या काहींची आता केवळ नावे उरली आहेत, तर काहींची १८९१ च्या निबंधातली वर्णने तेवढी शिल्लक आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही अवस्था ओळखीची वाटेल. ज्यांचा उल्लेख इतर ग्रंथांत येतो पण ज्यांची पोथी मिळत नाही, अशा हरवलेल्या ग्रंथांसारखीच ती आहे.

तरीही सगळे गेले नाही. का गेले नाही, याचे उत्तर बागेत नाही, तर त्याच्या टपालात आहे. ॲलन कंद वाटत असे. एखादे रोप चांगले निघाले की त्याची पिल्ले मित्रांकडे, ओळखीच्या बागांकडे जात. म्हणून ‘मॅग्नेट’ आज जिवंत आहे. त्याचे फूल लांब, तारेसारख्या बारीक देठावर लोंबते आणि वाऱ्याच्या झुळकीसरशी इतरांपेक्षा जास्त डोलते. म्हणून ‘मर्लिन’ जिवंत आहे. त्याच्या आतल्या पाकळ्या जवळजवळ पूर्ण हिरव्या असतात. दोन्ही आज इंग्लंडमधल्या साध्या बागांतूनही दिसतात आणि किमतीने स्वस्त आहेत. स्नोड्रॉपच्या जगात स्वस्त असणे म्हणजे टिकून राहण्याची खात्री असणे. १८५० पौंडांच्या फुलाबद्दल ते म्हणता येत नाही.

हीच गोष्ट सॅम्युएल ॲर्नट यांच्या फुलाची. स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीस भागातले हे गृहस्थ नगराध्यक्ष होते आणि बागकामावर लिहीत. त्यांच्याकडून एक कंद ग्लॉस्टरशायरला, त्याच एल्वेस यांच्या कोल्सबोर्नच्या बागेत आला. मधासारखा वास, भरदार गोल पाकळ्या आणि सशक्त वाढ. एल्वेस १९२२ मध्ये गेले, पण फूल एका बागेतून दुसऱ्या बागेत जात राहिले. चॅलफर्ड गावात वॉल्टर बट यांच्या बागेत ते वाढले आणि बट ती बाग सोडून गेल्यावर नव्या मालकांच्या, म्हणजे मथायस दांपत्याच्या, पदरी पडले. १९५१ साली त्या फुलाला सोसायटीचे पारितोषिक मिळाले. मथायस दांपत्याने याच वारशावर ‘जायंट स्नोड्रॉप कंपनी’ काढून १९५० आणि ६० च्या दशकांत टपालाने कंद विकले. आज ‘एस. ॲर्नट’ हा बहुधा सर्वांत जास्त लावला जाणारा निवडक वाण असेल.

ॲलननंतर हेतुपुरस्सर संकराचे काम कोणी नेटाने केले असेल तर ते हेरिक ग्रेटोरेक्स याने. नॉरफकमधल्या ब्रंडॉल गावचा हा माणूस. त्याने १९४० च्या दशकात, म्हणजे डोक्यावरून बॉम्बफेकी विमाने जात असतानाच्या इंग्लंडमध्ये, एक चमत्कारिक प्रश्न हाती घेतला. दुहेरी स्नोड्रॉप बी धरत नाही. त्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बीजनिर्मिती बिघडते. मग दुहेरी फुलांचे नवे वाण कसे करावेत? ग्रेटोरेक्सने आई म्हणून दुहेरी फूल निवडलेच नाही. त्याचे पराग तेवढे थोडेफार जिवंत असतात. ते घेऊन त्याने क्रिमियन प्लिकॅटसच्या फुलांवर लावले. कामी आले! क्रिमियाची उंची व ताकद आणि निवॅलिसचा घागरासारखा भरगच्च झालर असलेला आतला घेर, अशी दोन्हींची मिळून रोपे निघाली. त्याने त्यांना शेक्सपिअरच्या नाटकांतून नावे दिली. ‘ऑफेलिया’, ‘डेस्डेमोना’, ‘हिपोलिटा’, ‘टायटॅनिया’, ‘जॅकेनेटा’, ‘कॉर्डेलिया’.

पण ॲलनकडे जी वही आणि जो छापील निबंध होता, त्याच्या तोडीचे काही ग्रेटोरेक्सने मागे ठेवले नाही. त्याची रोपे एकमेकांसारखी फार दिसतात. बागांतून बागांत जाताना चिठ्ठ्या बदलल्या, हरवल्या. परिणामी आज ‘ऑफेलिया’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक ‘ऑफेलिया’ खरोखर तीच आहे का, यावर जाणकारांत एकमत होत नाही. ॲलनच्या बाबतीत वर्णने आहेत पण पुष्कळ फुले नाहीत. ग्रेटोरेक्सच्या बाबतीत फुले आहेत पण वर्णने नाहीत. यातली कोणती आपत्ती अधिक वाईट, हे ठरवणे कठीण आहे. इतिहासकार पहिली पत्करेल आणि माळी दुसरी.

या दोघांच्या मधल्या काळात हौस आणि अभ्यास यांना जोडणारा दुवा म्हणजे एनफील्डच्या मिडलटन हाउसचे एडवर्ड ऑगस्टस बोल्स. स्नोड्रॉपवेड्यांना ‘गॅलँथोफाइल’ म्हणण्याचा प्रघात त्यांच्याशी जोडला जातो. १९५६ साली सर फ्रेडरिक स्टर्न यांचा स्नोड्रॉपवरील ग्रंथ आला. त्यातला बागेतील वाणांवरचा भाग बोल्स यांचा होता. पण तो छापला जाण्याआधी दोन वर्षे ते वारले. २००१ साली मॅट बिशप, ॲरन डेव्हिस आणि जॉन ग्रिमशॉ यांनी बागेतल्या स्नोड्रॉपचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. तिथून पुढे नावांचा सुळसुळाट इतका झाला की ग्रंथ मागे पडत गेला.

आता पुन्हा त्या लिलावाकडे. ‘गोल्डन टिअर्स’ केंब्रिजशायरमधले रोपवाटिकाकार जो शार्मन यांनी तयार केले. २०१५ मध्ये १३९० पौंडांना गेलेले ‘गोल्डन फ्लीस’ही त्यांचेच, त्यासाठी त्यांना अठरा वर्षे लागली होती. अठरा वर्षे का, हे आता कोणालाही मांडून पाहता येईल. हिरव्याच्या जागी पिवळी खूण असणे हा गुण संकराच्या पहिल्या पिढीत बहुधा लपून बसतो. तो पुन्हा दिसावा म्हणून त्या पिढीतल्या भावंडांचा आपसात संकर करावा लागतो. बाहेरच्या पाकळ्यांनी आतल्यांचे रूप घेऊन पॅगोडाच्या छपरासारखे पसरणे, हा दुसरा गुण. ब्रिस्टलजवळच्या एका बागेतून पुढे आलेल्या ‘ट्रिम’ या वाणामुळे तो प्रसिद्ध झाला. दोन्ही गुण एकाच फुलात हवेत, तर पिढ्यांवर पिढ्या घ्याव्या लागतात, आणि एक पिढी म्हणजे चार वर्षे. त्यात एखादा हिवाळा वाया गेला, एखादे बोंड मुंग्यांनी नेले, तर हिशेब आणखी लांबतो.

पैसा आला तशा चोऱ्याही आल्या. जाणत्या बागा आता दुर्मीळ वाणांच्या जागा जाहीर करत नाहीत. दुसरीकडे तुर्कस्तानच्या डोंगरांतून कंद खणण्याचा व्यापार विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इतका वाढला, की १९९० मध्ये संपूर्ण गॅलँथस प्रजाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घ्यावी लागली. तेव्हापासून रानातले स्नोड्रॉप परवान्याशिवाय सीमेपार नेता येत नाहीत. स्मर्नाच्या बंदरातून जी पोती निघाली त्यांचा हा उत्तरार्ध. बागेत बियांपासून रोपे वाढवणारा हौशी माणूस रानावर भार न टाकता नवे फूल मिळवतो, ही बाजूही या हिशेबात धरली पाहिजे.

शेप्टन मॅलेटला आता दर फेब्रुवारीत स्नोड्रॉपचा उत्सव भरतो. गावकरी ॲलनच्या आठवणीसाठी रस्त्यांच्या कडेला, चर्चच्या आवारात आणि मोकळ्या जागांत स्नोड्रॉपचे कंद लावतात. त्यांतले बहुतेक साधे निवॅलिस असतात, बाजारात मूठभर पैशांत मिळणारे. ॲलनच्या हरवलेल्या रोपांपैकी एखादे अजूनही सॉमरसेटच्या कुठल्यातरी जुन्या बागेच्या कोपऱ्यात नाव विसरून उगवत असेल, अशी आशा काही जाणकार बाळगून आहेत. ते दर हिवाळ्यात १८९१ चा निबंध हातात घेऊन, वाकून, एकेका फुलाची आतली पाकळी बोटाने उचलून पाहतात.